घरतांच्या शेतातून गेलेला रस्ता

घरतसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भर दुपारी, भर रस्त्यात, सरकारी मालमत्तेची नासधूस करत होते. मी नगररचना खात्यात नुकतीच लागले होते आणि पेणच्या कार्यालयात हजर व्हायला सांगलीहून आले होते. स्टँडवर उतरून पत्ता विचारत चालले, तर गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत माणसांचं कोंडाळं जमलेलं. मधे एक काळासावळा, आडव्या हाडाचा, पन्नाशी उलटलेला माणूस. शर्टाच्या बाह्या वर, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली आणि हातात टिकाव. रस्त्यावर नव्याने घातलेला गतिरोधक तो फोडत होता. डांबराचे तुकडे बघ्यांच्या नडग्यांवर उडत होते आणि बघे नडगी चोळत तिथेच उभे होते. नगरपालिकेचा एक तरुण इंजिनियर त्याचा हात धरायला पुढे झाला, तर त्याला असा धक्का बसला की तो शेजारच्या शाडूच्या ढिगात जाऊन बसला.

“श्रावणात हिथनं गणपती जातात,” तो माणूस त्या इंजिनियरला म्हणाला. “तुज्या ह्या उंचवट्यावर टेंपो उडतो आन देवाचे हात मोडतात. ते कोण जोडणार, तुजा बापूस?”

मी बाजूच्या एकाला विचारलं, नगररचनेचं कार्यालय कुठे आहे हो? त्याने टिकाववाल्याकडे बोट केलं. घरतसाहेबांनी टिकाव भिंतीला टेकवला, कपाळाचा घाम पुसला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “कार्यालय मीच हाय. चल.”

त्या गतिरोधकाची चौकशी पुढे वर्षभर चालली. साहेबांनी तिच्यात एक शब्द बचाव केला नाही. फक्त आमच्या आराखड्यात त्या आळीचा रस्ता जरा वळणाचा आणि मुद्दाम अरुंद करून ठेवला, म्हणजे गाड्या आपोआप हळू जातील आणि देवांना हादरे बसणार नाहीत.

ऑफिसात कुणालाच ते नावाने हाक मारत नसत. ज्याचं जे गाव तेच त्याचं नाव. शिपाई म्हणजे ‘माणगाव’, आरेखक म्हणजे ‘चिपळूण’, मी पहिल्या दिवसापासून ‘सांगली’. खुद्द त्यांचं गाव कोपरखार, पेणच्या खाडीला अगदी टेकलेलं. राहायला मात्र रोह्याला. सकाळच्या गाडीने यायचे. काम असलं तर पेणच्या पुढच्या जिते स्टेशनावर उतरून शेतातून चालत यायचे आणि गुडघ्यापर्यंतच्या चिखलासकट खुर्चीत बसायचे. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. ती समोर सरकवून म्हणायचे, खा, तुमच्या घाटावर असली चव कुठली. नको म्हटलं की चिडायचे, खाल्लं की सगळी संपवलीस म्हणून चिडायचे.

राग नाकावर म्हणतात तसं नव्हतं. तो सगळ्या अंगभर होता. टेबलावरचे काचेचे ग्लास फोडून झाल्यावर शिपायाने चहाला स्टीलचे पेले आणले. पण त्या रागालाही काही रीत होती. माणगाववर आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. वरून येणाऱ्या साहेबांवर मात्र असा चढायचा की खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहायचे. सर्वांत वाईट राग स्वतःवर. एकदा त्यांनी नकाशावर प्रमाण चुकीचं धरलं आणि एक नाला भलतीकडे गेला. मी ते दाखवल्यावर त्यांनी स्वतःच्याच कानाखाली अशी वाजवली की चष्मा कपाटाखाली गेला. मी आणि चिपळूणने तो झाडूने बाहेर काढला, आणि मग तिघेही जेवायला गेलो.

आमच्याकडे काम होतं खाडीकाठाच्या आराखड्याचं. पेणच्या बाजूला खाडीत कोळशाच्या, खनिजाच्या बार्जेस लागतात. तिथून रोह्याला नदीकाठच्या रसायनांच्या कारखान्यांपर्यंतचा पट्टा. मधे मिठागरं, खारी भातशेती, गावं, रेल्वे, महामार्ग. कारखाना कुठे, घरं कुठे, अवजड गाड्या कुठून जातील, माणसं कुठून चालतील, हे ठरवून रंगवायचं. ऐकायला हे काम किती शांत वाटतं. मला वाटलं होतं, खिडकीशी बसून रंगाच्या पेन्सिली फिरवायच्या. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी मला खाडीच्या चिखलात उतरवलं. जिथून चाललो नाही तिथे रेघ मारायची नाही, हा त्यांचा कायदा. हातात मोजणीचा तांबडा-पांढरा बांबू असायचा. तो कुत्र्यांवर उगारायचा आणि उलट्या बाजूने घुसलेल्या डंपरच्या दिव्यावर घालायचा, हेही सर्वेक्षणातच धरलेलं.

“रस्ता म्हंजे भांडण, गो,” ते मला म्हणाले होते. “ते व्हणारच. आपण फकस्त कुठं व्हावं तेवढं ठरवायचं.”

रोह्यात ते अक्षरशः भांडण झालं. नदीकाठच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी रसायनाचे टँकर उभे राहत. मधून शाळेच्या मुली सायकली ढकलत जात. साहेबांनी सांगून पाहिलं, पत्रं धाडली, मग एका सकाळी स्वतः खाली बसून टँकरच्या चाकांतली हवा सोडायला लागले. गाडीमालकांची पोरं धावून आली. साहेबांचा शर्ट फाटला, ओठ फुटला, आणि त्यांनी एकाचा दात पाडला. पोलीस ठाण्यात दोन्ही बाजू बाकावर शेजारीशेजारी बसल्या होत्या. तिथे वाट बघताना साहेबांनी त्या दात पडलेल्या पोराला विचारलं की ड्रायव्हर रात्री कुठे झोपतात, आंघोळ कुठे करतात. तो म्हणाला, गाडीखाली आणि नदीत. आठवड्याभरात कारखान्यांच्या मागे टँकरतळाची जागा नकाशावर आली, पाण्यासकट आणि संडासांसकट. तो पोरगा पुढे दर दिवाळीला साहेबांकडे मिठाई घेऊन यायचा, आणि साहेब त्याला दरवेळी तोंड उघडून दात दाखवायला लावायचे.

हे सगळं हसण्यावारी जाईल असं होतं. कोपरखारचं तसं नव्हतं.

कोपरखारच्या पुढे बार्जेसचा धक्का. धक्क्यावरून महामार्गाला जाणारा रस्ता एकच, आणि तो मिठागराच्या वस्तीच्या दारातून जाणारा. दारातून म्हणजे दारातूनच. ओटीवर बसलेल्या म्हातारीने पाय लांब केले तर चाकाखाली जातील, इतका जवळून. मिठागरात काम करणारी ही माणसं. त्यांची जमीन नव्हती, होती ती एवढी घरं. दिवसभर डंपर. एका सकाळी त्यांच्यातली पारू नावाची बाई मिठाची टोपली घेऊन रस्ता ओलांडत होती, आणि डंपर तिच्या अंगावरून गेला.

आम्ही तेव्हा बांधावर मोजणी करत होतो. आरडाओरडा ऐकून साहेब धावले, मी मागून. रस्त्यावर मीठ पांढरं पडलं होतं आणि त्यात लाल पसरत होतं. डंपरला आग लावलेली होती. ड्रायव्हर, विशीतला बाहेरच्या मुलखातला मुलगा, गटारात पडला होता आणि वस्तीतले पुरुष त्याला मिठाच्या फावड्यांनी मारत होते. पारूचा नवरा त्यात सर्वांत पुढे. एरवी ड्रायव्हर म्हटलं की बांबू उचलणारे घरतसाहेब त्या गर्दीत घुसले आणि पोराच्या अंगावर आडवे पडले. फावड्याचे घाव त्यांच्या पाठीवर बसले. मी किंचाळत होते, पण माझं कोण ऐकतंय.

“मारायचंच तर रस्त्याला मारा,” ते खालूनच ओरडले. “रस्ता चुकलाय. माज्या हातानं दुरुस्त करतो. ह्याला सोडा.”

पारूचा नवरा थांबला. त्याने फावडं टाकलं आणि विचारलं, करशील? साहेब म्हणाले, करतो. तो मग रस्त्यावर मिठातच बसला.

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. धक्क्याचा रस्ता वस्तीतून काढायचा तर नवा रस्ता नेण्यासारखी जागा एकच होती. एका बाजूला कांदळवन आणि खाडी, दुसऱ्या बाजूला रेल्वे. मधून उरत होती कोपरखारची भातशेती, आणि तिच्यातला सर्वांत सरळ, सर्वांत कमी घरं मोडणारा पट्टा होता घरतांचा. म्हणजे साहेबांच्या थोरल्या भावाचा, बाळारामदादांचा. आणि थोडा साहेबांचा स्वतःचा. त्यांनी वर कळवलं की माझ्या घरची जमीन आहे, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. वरून उत्तर आलं की अडचण असेल तर रस्ता आहे तिथेच रुंद करा, धक्क्यावरच्या कंपन्यांनाही तेच सोयीचं आहे. त्या उत्तराचा कागद त्यांनी चुरगाळून माणगावच्या हातात दिला आणि टेबलाशी बसून घरतांच्या शेतातून रेघ मारली. हात जरासुद्धा थांबला नाही. मी बघत होते म्हणून सांगते.

हरकतींच्या सुनावणीला पेणचं सभागृह भरून गेलं होतं. कोपरखारचे शेतकरी पुढच्या खुर्च्यांवर, वस्तीची माणसं मागे भिंतीला टेकून. बाळारामदादा उठले. भावासारखेच आडव्या हाडाचे, डोकीला पांढरा रुमाल. शेत बापाने खाडीच्या तोंडातून कसं काढलं, बांधावर आई कशी माती वाहायची, सगळं सांगितलं. खरं सांगते, मलाही त्या क्षणी वाटलं की रेघ पुसावी.

“आमचं शेत तुला मोकलं दिसलं,” शेवटी ते म्हणाले, “आन त्या लोकांच्या झोपड्या दिसल्या नायत?”

“दिसल्या,” साहेब म्हणाले. “म्हणूनच शेतातनं नेला.”

लोखंडी खुर्ची बाळारामदादांनीच फेकली. ती साहेबांच्या कपाळावर बसली. मग सगळ्याच खुर्च्या उडायला लागल्या. भिंतीशी उभ्या असलेल्या वस्तीवाल्यांना शेतकऱ्यांनी धरून हाणलं, त्यांनी यांना हाणलं. साहेबांचा पुतण्या मंचावर चढला आणि त्याने टांगलेला नकाशा ओढून काढला. साहेबांनी त्याला गचांडी धरून खाली फेकलं आणि त्याच्यावर उडी घेतली. भुवईतून रक्त गळत होतं, ते पुसायलाही थांबले नाहीत. पोलीस आले ते लाठ्या चालवतच आले, समोर येईल त्याला. मी टेबलाखाली होते. बाहेर गणपतीच्या कारखान्याच्या पडवीत वाळत घातलेल्या मूर्ती तेवढ्या जागच्या जागी राहिल्या.

त्यानंतर कोपरखारने साहेबांना वाळीत टाकलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चुलतभावाच्या नातीच्या बारशाला वहिनींना, म्हणजे साहेबांच्या बायकोला, दारातून परत पाठवलं. त्या रोह्याला पोचेपर्यंत गाडीत रडत होत्या. गावात साहेबांना कुणी पाणी देईना, न्हावी खुर्चीत बसवेना. मी कायद्याचं बोलले. अशा बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, तक्रार करा, चार जण आत जातील आणि बाकीचे सरळ येतील.

“जातील आत,” साहेब म्हणाले. “मग मी कोपरखारचा कसा राहीन, सांगली? मना रस्ता पण पायजे आन गाव पण पायजे.”

दोन्ही मिळणार नाही हे मला दिसत होतं, आणि त्यांनाही दिसत असणार. भुवईचे टाके काढायच्या आधीच ते मोजणीसाठी पुन्हा कोपरखारच्या बांधावर उभे राहिले.

आणि त्याच मोजणीच्या दिवशी, भाद्रपदातल्या उधाणाला, बांध फुटला.

खाडीकाठचं न पाहिलेल्याला हे समजायचं नाही म्हणून सांगते. ही शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असतात. मधे मातीचा बांध, तेवढ्यावर सगळं. तो फुटला की त्याला खांड पडली म्हणतात, आणि खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढची तीनचार वर्षं त्या शेतात भात होत नाही. म्हणून या गावांत जोळ असते. बांधामागे ज्याची जमीन, त्याच्या घरचा माणूस जोळीत. हाक पडली की सगळ्यांनी उतरायचं. त्या वेळी कुणाचं कुणाशी वाकडं आहे ते बघायचं नाही. वाळीत टाकलेला माणूसही तेवढ्या वेळेपुरता गावाचा. पुरुष हातात हात घालून फुटलेल्या जागी पाण्यात भिंत करतात, आणि त्यांच्या आडोशाने बाकीचे माती, पेंढा, गोणी टाकतात. जो तिथे शेजाऱ्याचा हात सोडील तो जोळीतून कायमचा गेला. त्याच्या शेतापुढचा बांध पुन्हा कुणी बांधत नाही.

हाक आली तशी साहेबांनी बांबू माझ्याकडे फेकला आणि पळत सुटले. खांड मोठी होती. पाणी तिच्यातून अशा जोराने आत घुसत होतं की बांधाच्या कडा डोळ्यांदेखत ढासळत होत्या. म्हातारे नामाबाबा, जोळीचे मुख्य, वर उभे राहून एकेकाला नाव घेऊन खाली उतरवत होते. साहेबांवर त्यांची नजर पडली. क्षणभर थांबून त्यांनी त्यांचंही नाव घेतलं, आणि साहेब उतरले. जागा आली ती बाळारामदादांच्या शेजारी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. हात मात्र धरले.

मी बांधावर होते, त्यांच्या अगदी डोक्यावर. वस्तीची माणसं गोणी हातोहात देत होती. त्यांची इथे वीतभर जमीन नाही, पण हाक पडल्यावर तीही आली होती. पारूचा नवरा त्यांच्यात. ते बघून कुणीतरी बाळारामदादांना ऐकू जाईल असं बोललं, बघ, तुझ्या भावाचे सोयरे आले. पाणी छातीपर्यंत होतं. बाळारामदादांनी वर पाहिलं, मग शेजारी भावाकडे पाहिलं, आणि हाताची मूठ उघडली. निसटली नाही. उघडली. मी ती बोटं उघडताना पाहिली.

साहेबांना पाण्याने उचलून आत फेकलं. उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, दगडी खांबावर ते आपटले. हाडाचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. मिठागरवाल्यांनीच त्यांना ओढून काढलं. उजवा हात मनगटापासून उलटा फिरला होता आणि एक बरगडी कातडीखाली वर आलेली दिसत होती. खांड बुजली, पाणी थांबलं, तेव्हा सगळी जोळ त्यांच्याभोवती जमली. बाळारामदादा मागे उभे होते, चिखलाने माखलेले, आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. नामाबाबांनी विचारलं, हात कोणी सोडला?

“मीच सोडला,” साहेब म्हणाले. “पेन्सिल धरून हात मऊ झालाय.”

मी बोलायला तोंड उघडलं. साहेबांनी पडल्या पडल्या माझ्याकडे असं पाहिलं की माझी पाचावर धारण बसली. नामाबाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, रघुनाथ घरताचं नाव जोळीतून गेलं.

दवाखान्यात मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. एवढी वर्षं त्यांच्याकडून जे शिकले ते सगळं त्यांच्यावरच काढलं. म्हटलं, तुम्हाला मारायला निघालेल्या माणसासाठी तुम्ही खोटं बोललात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हात प्लास्टरमध्ये होता, फेकायला काही जवळ नव्हतं.

“त्याला जोळीतनं काढला असता तर शेत खाडीत गेलं असतं,” ते म्हणाले. “तीन पोरं हायत त्याची. डोलवीच्या कारखान्यात ठेक्यावर जातात, काम हाय तवर हाय. मना पेन्शन मिळंल.”

मला वाटलं आता तरी ते रेघ थोडी सरकवतील. आजाऱ्यासारखं बोलत होते ना. बरे होऊन आले आणि डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरात, त्यांनी तोच रस्ता त्याच जागेवरून पुन्हा पाठवला. घरतांच्या शेतातून, एक फूटही इकडे तिकडे न करता.

दुसऱ्या सुनावणीला पोलीस आधीपासून उभे होते. बाळारामदादा उठले तशी मी टेबल बघून ठेवलं. ते एवढंच म्हणाले, की रस्ता जाऊ दे, आमच्यातनं जाऊ दे. आणि खाली बसले. साहेबांचा चेहरा मात्र तांबडा होत गेला. ते ताडकन उठले आणि भर सभेत भावावर ओरडले, की गप काय बसतोस, मोबदला माग, भरतीचं पाणी जायला रस्त्याखालनं मोऱ्या माग, नाहीतर उरलेलं शेत पण कुजेल. बाळारामदादा मान खाली घालून बसून राहिले. शेवटी मोऱ्यांची मागणी साहेबांनी स्वतःच त्यांच्या नावाने लिहून घेतली, आणि लिहिताना पूर्ण वेळ त्यांना शिव्या घातल्या.

रस्ता झाला. वस्तीच्या दारातले डंपर गेले. म्हातारी आता ओटीवर पाय लांब करून बसते; मुलं त्या जुन्या रस्त्यावर क्रिकेट खेळतात आणि मिठाच्या टोपल्या घेऊन बाया मधून चालतात. साहेब निवृत्त झाले. कोपरखारला कधीमधी जायचे ते पाहुण्यासारखे. नव्या रस्त्याच्या कडेने गाव ओलांडायचे आणि परत यायचे. रोह्यात त्यांना भांडायला कुणी उरलं नाही, असं वहिनी फोनवर सांगत. ते गेल्याचा फोनही मला वहिनींचाच आला.

त्याआधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कोपरखारलाच. माझी बदली झाली होती, पण त्या रस्त्याच्या मोऱ्यांच्या पाहणीला मला पाठवलं होतं. साहेब आपणहून आले, जित्याला उतरून, चालत. उजव्या हाताची बोटं आता मिटत नव्हती. मोऱ्यांतल्या चुका ते मला डाव्या हाताने दाखवत होते आणि ठेकेदाराचा उद्धार करत होते. उधाणाचा दिवस होता. आम्ही बांधाकडे वळलो आणि खांडीची हाक आली.

गाव उतरायला लागलं. साहेबांनी चपला काढल्या, बांधाच्या कडेपर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. त्यांचं नाव कोण घेणार होतं? पलीकडे नामाबाबा एकेकाला उतरवत होते. बाळारामदादांचं नाव आलं. ते उतरले नाहीत. रुमाल काढून हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “त्या वक्ताला हात मी सोडला व्हता. रघ्यानं नाय.”

साहेब त्यांच्यावर धावून गेले. मला वाटलं मिठी मारतायत. त्यांनी डाव्या हाताने भावाच्या तोंडावर ठोसा मारला. “मी बोललो ते बोललो,” असं ओरडत त्यांना खाली पाडलं, छातीवर बसले आणि मारत राहिले; तुला कोणी विचारलं होतं, पोरांच्या तोंडचं घालवतोस, म्हणून मारत राहिले. बाळारामदादाही गप्प बसले नाहीत. त्यांनी साहेबांचे केस धरून त्यांचं डोकं चिखलात दाबलं. साठीचे दोन म्हातारे बांधावर लोळत होते, एकमेकांचे कपडे फाडत होते, आणि दोघेही रडत होते. मीही रडत होते. सोडवायला कुणी पुढे झालं नाही.

खाली बांधाचा आणखी एक तुकडा पाण्यात गेला. नामाबाबा काठी घेऊन आले आणि त्यांनी दोघांच्याही पाठीत एकेक हाणली.

“दोघं खोटारडे,” ते म्हणाले. “निवाडा पाणी उतरल्यावर. आता खाली व्हा.”

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. ‘दोघं’ म्हणजे आपल्यालाही उतरायला सांगितलं ना, याची खात्री करून घेत असावेत. मग ते उठले आणि उतरले.

वरून मला सगळं दिसत होतं. साहेबांच्या उजव्या हाताची बोटं काही धरूच शकत नव्हती, म्हणून बाळारामदादांनी त्यांचा हात काखेपासून आपल्या हातात गुंतवून घेतला होता. बाळारामदादांच्या नाकातून रक्त येत होतं. दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे पुसता येत नव्हतं. पाणी चढत छातीपर्यंत आलं. घरतसाहेब मान वळवून भावाला शिव्या देत होते, आणि बाळारामदादा त्या ऐकत, हात घट्ट धरून उभे होते.